आयरिसचा कंद पोखरणारी अळी: ती कधी कुठे असते आणि तिला कधी गाठायचं

जून सरत आलेला असतो. दाढीवाल्या, म्हणजे पाकळीवर केसाळ पट्टा असलेल्या आयरिसची फुलं आटोपलेली असतात, आणि एखाद्या पंख्याची, म्हणजे पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या झुबक्याची, मधली पानं पिवळी पडायला लागतात. पाणी कमी पडलं असेल असं वाटून पाणी घातलं जातं. आठवड्याभरानं तेच पान धरून हलकंसं ओढलं, तर अख्खा पंखा बुडातून सुटून हातात येतो. बुडाशी तपकिरी, बुळबुळीत लगदा असतो आणि असा वास येतो की मान वळवावी लागते. कंद दाबला तर सालीच्या आत नुसतं पाणी.

अमेरिकेचा पूर्व आणि मध्य-पश्चिम भाग, कॅनडातलं ऑन्टारिओ आणि क्वेबेक, या पट्ट्यात आयरिस लावलेल्या कुणालाही हे दृश्य परकं नाही. न्यू जर्सीत किंवा शिकागोजवळ घर घेतलं की मागच्या मालकानं लावलेला आयरिस बऱ्याचदा अंगणात आधीच असतो, त्यामुळे फूल ओळखीचं होतं पण त्याची कीड ओळखीची नसते. तिचं इंग्रजी नाव आयरिस बोरर, शास्त्रीय नाव मॅक्रोनॉक्टुआ ओनुस्टा. उसाचा किंवा ज्वारीचा खोडकिडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हिची चाल लगेच कळेल: पोंग्यातून शिरायचं, आतून खाली उतरायचं आणि बाहेरून काहीच दिसू द्यायचं नाही. हळदीत कंदमाशीच्या पाठोपाठ कंदकूज दिसते, तसंच इथेही होतं. अळी भोकं पाडते आणि त्या भोकांतून जिवाणू शिरून कंद कुजवतात. पेक्टोबॅक्टेरियम नावाचे हे जिवाणू बटाटा, गाजरही असेच नासवतात. बहुतेक वेळा झाड अळीच्या खाण्यापेक्षा या कुजीनंच जातं.

बागेतली माणसं हरतात ती एकाच कारणानं. नुकसान जुलैत दिसतं, म्हणून औषध जुलैत मारलं जातं. तेव्हा अळी कंदाच्या पोटात असते आणि पानांवर मारलेला फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. हिच्याशी झगडायचं तर बाटलीच्या आधी कॅलेंडर हातात घ्यायला हवं.

अळीचं वर्ष

वर्षाला एकच पिढी होते, ही जमेची बाजू. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत पतंग बाहेर पडतात. पुढचे पंख गडद तपकिरी, मागचे पिवळसर तपकिरी, पंख पसरले तर दीड ते दोन इंच. ते रात्री उडतात, त्यामुळे सहसा कुणाच्या नजरेस पडत नाहीत. मादी आयरिसच्या वाळक्या पानांच्या घड्यांत, बुडाशी साचलेल्या काडीकचऱ्यात आणि कधी शेजारच्या वाळक्या गवतावरही पुंजक्यांनी अंडी घालते. बर्फाखाली, थंडीत ही अंडी तशीच टिकतात.

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत अंडी फुटतात. तारीख गावागणिक बदलते. ओहायोच्या दक्षिणेला लवकर, टोरॉन्टोला उशिरा. म्हणून तारखेपेक्षा झाडाकडे पाहावं. नवी पानं ४ ते ६ इंच झाली की वेळ आली. नखाएवढीही नसलेली अळी पानावर चढते, सुईच्या टोकाएवढं भोक पाडते आणि पानाच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये शिरते. मे महिनाभर ती पान पोखरत बुडाकडे सरकते. जूनच्या मध्यापर्यंत किंवा अखेरीपर्यंत ती कंदात पोचते. जुलैत ती दीड ते दोन इंच लांब, फिकट गुलाबी, तपकिरी डोक्याची आणि कडेनं काळ्या ठिपक्यांची रांग असलेली होते. या अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका पंख्यात सुरुवातीला चार-पाच असल्या तरी कंदात बहुधा एकच उरते. ती एक पुरते. एक कंद संपला की ती शेजारच्या कंदात जाते.

जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये ती कंदातून निघून जवळच्या मातीत इंच-दोन इंच खाली कोष करते. कोष चकचकीत गडद तपकिरी असतो. त्यातून पतंग निघतो, आणि पुढचं वर्ष सुरू होतं.

मे महिन्यात पान कसं पाहायचं

सकाळी किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना पंख्याच्या अशा बाजूला बसा की सूर्य पानाच्या पलीकडे असेल. आयरिसचं पान उजेडासमोर धरलं की चांगलंच पारदर्शक दिसतं. निरोगी पानात वरून खाली सरळ, एकसारख्या हिरव्या शिरा दिसतात. अळी असलेल्या पानात एक फिकट, ओलसर पट्टा दिसतो, जणू पानाला तिथं आतून पाणी लागलंय. त्या पट्ट्याच्या खालच्या टोकाशी एक छोटी गडद रेघ असते आणि बोट लावलं तर कधीकधी ती हलते. तीच अळी.

एवढं स्पष्ट दिसलं नाही तरी खुणा असतात. मधल्या कोवळ्या पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या, दातेरी होतात आणि त्या कडांना चिकट ओल दिसते. पानं जिथं एकमेकांत अडकतात त्या घडीत भिजलेल्या लाकडी भुशासारखी काळपट विष्ठा साचते. घडी थोडी उकलून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही, आणि बहुतेक जण उकलून पाहत नाहीत.

खूण सापडली की पान अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरा आणि ओल्या पट्ट्याच्या वरून बुडाकडे घट्ट दाबत न्या. आत बारीकसं काही फुटल्याचं बोटाला कळतं. काम झालं. पान कापायची गरज नाही, ते झाडाला अन्न देत राहील. पट्टा अगदी बुडापर्यंत पोचला असेल तर मात्र ते पान बुडातून कापून उघडा आणि अळी सापडते का पाहा. नाही सापडली, तर ती खाली उतरली आहे असं धरून त्या पंख्याला काडी खोचून खूण करा. जुलैत तोच कंद आधी उकरायचा आहे.

वीस-पंचवीस पंख्यांच्या वाफ्याला हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत दर चार-पाच दिवसांनी केलं, तर छोट्या बागेत औषधाची बाटली उघडायची वेळ सहसा येत नाही.

सगळ्यात मोलाचं काम: थंडीतली सफाई

अंडी वाळक्या पानांवर असतात, आणि वाळकी पानं तुमच्या हातात आहेत. कडक दहिवरानं पानं मान टाकली की, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, सगळी पानं ३-४ इंच ठेवून कापा. बुडाशी चिकटलेली वाळकी पानं बाजूला ओढून सोलून काढा, कारण अंड्यांचे पुंजके नेमके त्या खपल्यांत असतात. वाफ्याभोवतीचं फूटभर अंतरातलं वाळकं गवत आणि पालापाचोळाही उचला. हे सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. तो ढीग अंडी मरतील एवढा क्वचितच तापतो, आणि वसंतात अळ्या तिथून परत येतात.

इथे दोन चुका हटकून होतात. पहिली, सफाई सप्टेंबरात उरकणं. तेव्हा पतंग अजून उडत असतात. कापल्यानंतर उरलेल्या बुडख्यांवर ते अंडी घालतात आणि केलेली मेहनत वाया जाते. शिवाय हिरवी पानं लवकर कापली तर कंद पुढच्या फुलांसाठी साठा करू शकत नाही. दुसरी चूक म्हणजे नोव्हेंबरात राहून गेलं म्हणून सोडून देणं. मार्चअखेरपर्यंत, नवी पानं वर यायच्या आत केलं तरी चालतं. बर्फ वितळल्यावरचा पहिला कोरडा शनिवार त्यासाठी राखून ठेवा.

शेजाऱ्याच्या अंगणात जुना, दुर्लक्षित आयरिस असेल तर पतंग तिथून येतील. कुंपणापलीकडे जाऊन दोन शब्द बोलणं आणि त्याचाही वाफा साफ करायला हात लावणं, हा उपाय कुठल्याही औषधापेक्षा जास्त लागू पडतो.

फवारा मारायचाच असेल तर

वाफा मोठा असेल किंवा गेल्या वर्षी अर्धे कंद गेले असतील तर फवारणी समजण्यासारखी आहे. घरगुती वापरासाठी स्पिनोसॅड हा त्यातल्या त्यात सौम्य पर्याय आहे. नवी पानं ४ ते ६ इंच झाली की पहिला फवारा, १० ते १४ दिवसांनी दुसरा. दुकानात मिळणाऱ्या ०.५ टक्के द्रावणाचं प्रमाण सहसा एका गॅलन पाण्याला ४ टेबलस्पून असतं, पण तुमच्या बाटलीच्या लेबलवर जे लिहिलंय तेच खरं. शोभेच्या झाडांसाठी वापर लेबलवर नोंदलेला असला पाहिजे.

आयरिसच्या पानावर मेणचट लेप असतो. नुसतं औषध त्यावरून थेंब होऊन घरंगळतं, आणि फवारा फसण्याचं हे मोठं कारण आहे. लेबल परवानगी देत असेल तर चिकटद्रव्य मिसळा आणि पंख्याच्या दोन्ही बाजू, विशेषतः मधला पोंगा आणि बुडाकडच्या घड्या ओल्या होतील असं मारा. मारायचं संध्याकाळी, वारा पडल्यावर. स्पिनोसॅड ओलं असताना मधमाश्यांना घातक असतं, वाळल्यावर धोका बराच कमी होतो. कळ्या रंग दाखवू लागल्या की फवारणी बंद. तोवर अळ्याही पानाच्या आत गेलेल्या असतात, त्यामुळे मधमाश्या मरतील आणि अळी वाचेल, एवढंच होईल.

मातीत ओतायचं इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही औषध पूर्वी सर्रास सुचवलं जायचं. ते पाकळ्यांत आणि परागातही उतरतं. मेरीलँड, न्यू जर्सी यांसारख्या राज्यांत या गटातल्या औषधांच्या घराबाहेरच्या वापरावर सामान्य ग्राहकासाठी निर्बंध आहेत. तुमच्या राज्यात काय चालतं हे काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसात विचारा. आपल्याकडचं कृषी विज्ञान केंद्र जसं, तसंच हे: विद्यापीठाशी जोडलेलं आणि घरच्या बागेच्या प्रश्नांनाही उत्तर देणारं. पान किंवा अळी पिशवीत घालून नेली तर बहुतेक ठिकाणी ओळखूनही देतात.

मित्र सूत्रकृमी

अळी कंदात उतरल्यावर तिच्यापर्यंत पोचणारा एकच चांगला उपाय आहे, तो म्हणजे कीटकांना मारणारे सूत्रकृमी. हेटरोऱ्हॅबडायटिस बॅक्टेरिओफोरा आणि स्टायनर्निमा कार्पोकॅप्सी या दोन जाती विकत मिळतात. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी ओल्या मातीतून सरकत अळीच्या भोकातून आत शिरतात आणि तिला आतून मारतात. झाडाला, माणसाला, कुत्र्या-मांजरांना काही होत नाही.

टाकायची वेळ मेअखेर ते जून. माती १५ अंश सेल्सिअसच्या वर गेलेली हवी. प्रमाण दर चौरस फुटाला साधारण २५,०००, म्हणजे १०० चौरस फुटांच्या वाफ्याला २५ लाख. पाकीट आलं की फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि मुदतीच्या आत वापरा. संध्याकाळी वाफा आधी भिजवून घ्या, कृमी पाण्यात ढवळा आणि झारीनं थेट कंदांवर आणि बुडाशी घाला. पंप वापरत असाल तर आतली बारीक जाळी काढून टाका, नाहीतर ते तिथंच अडकतात. ढवळत राहा, कारण ते तळाशी बसतात. वरून पुन्हा थोडं पाणी द्या आणि पुढचे आठ-दहा दिवस माती ओलसर ठेवा.

इथे एक अडचण खरी आहे. दाढीवाल्या आयरिसला कोरडं आवडतं आणि कृमींना ओल. म्हणून ओलसर म्हणजे वरचा इंचभर दमट, चिखल नव्हे. कडक उन्हात दुपारी टाकलेले कृमी तासाभरात मरतात. ज्यांना फरक पडला नाही त्यांचं बहुधा इथंच चुकलेलं असतं.

जुलैत कंद उकरणं

फुलं संपल्यावर चार ते सहा आठवड्यांनी, जुलैच्या मध्यापासून पुढे, खूण केलेले आणि मलूल दिसणारे गड्डे उकरा. तसंही दर तीन-चार वर्षांनी आयरिस उकरून वेगळा करावा लागतो, तेव्हा दोन्ही कामं एकदम होतात. फोर्क कंदापासून सहा इंच दूर खुपसा आणि गड्डा खालून उचला, म्हणजे अळी तुटून अर्धी मातीत राहणार नाही.

माती झटकून प्रत्येक कंद बोटांनी दाबत जा. जिथं मऊ लागेल तिथं सुरीनं उघडा. भोक असेल तर त्यात वाकवलेली तार घालून अळी बाहेर काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. कुजलेला भाग चमच्यानं खरवडून काढा, घट्ट पांढरा गर लागेपर्यंत. अर्ध्याहून जास्त गेलेला कंद वाचवत बसू नका. प्रत्येक कापानंतर सुरी १० टक्के ब्लीचमध्ये, म्हणजे १ वाटी ब्लीचला ९ वाट्या पाणी, किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. हे टाळलं तर आजारी कंदाचे जिवाणू तुम्हीच निरोगी कंदात पेरता. साफ केलेले कंद त्याच प्रमाणाच्या ताज्या ब्लीचच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, धुवा आणि सावलीत दोन दिवस पसरून काप वाळू द्या. हातमोजे घाला. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

ऑगस्टमध्ये उकरत असाल तर अळी बहुधा कंदात नसेल. मग गड्ड्याखालची आणि भोवतालची वरची तीन इंच माती चाळा आणि सापडलेले तपकिरी कोष चिरडा. एक कोष राहिला आणि त्यातून मादी निघाली, तर ती शेकड्यांनी अंडी घालते.

परत लावताना पानं सहा इंचांवर कापा, कंदाची पाठ मातीच्या वर उन्हात दिसू द्या, आणि दोन कंदांत १२ ते १८ इंच ठेवा. कंदावर लाकडी भुश्शाचं आच्छादन घालू नका. खाली ओल साचते, कूज येते आणि अळीच्या खुणाही झाकल्या जातात. लॉनला घालतात ते जास्त नत्राचं खत आयरिसच्या वाफ्यात जाऊ देऊ नका, त्यानं कंद मऊ आणि कुजीला सोपा होतो.

सतत त्रास होणाऱ्या जागी सायबेरियन आयरिस लावून पाहावा. त्यालाही अळी लागते, पण तो दाढीवाल्याइतका कुजून जात नाही.

बाकीचे पाहुणे

मावा पोंग्यात आणि कळ्यांच्या देठांवर बसतो. मुंग्यांची रांग दिसली की तो आहेच समजा. नळीच्या जोरदार धारेनं दोन-तीन दिवसांआड धुतला की पुरतं. फारच झाला तर कीटकनाशक साबण लेबलप्रमाणे, उन्हं उतरल्यावर.

फुलकिडे जपानी आणि सायबेरियन आयरिसवर जास्त. पानाच्या आतल्या घडीत गंजासारखे किंवा काजळीसारखे डाग पडतात, पाकळ्यांवर फिकट चट्टे येतात. फूल पांढऱ्या कागदावर झटका. डोळ्यांना जेमतेम दिसतील असे बारीक, लांबुळके किडे कागदावर धावले तर तेच. पाण्याची धार पानांच्या घडीत मारा, फुललेली फुलं कापून टाका, आणि गरज पडली तर स्पिनोसॅड, पण फुलं नसताना.

सोंडकिडा म्हणजे साधारण पाच मिलिमीटरचा काळा भुंगेरा. तो फुलाखालच्या बीजकोशाला भोक पाडून आत अंडी घालतो. ब्लू फ्लॅग या रानटी आयरिसवर आणि सायबेरियन-जपानी जातींवर तो जास्त येतो. बी धरायचं नसेल तर फूल कोमेजताच बीजकोशासकट खुडून टाका. तेवढ्यानं त्याची पिढी तुटते.

जपानी भुंगेरा १९१६ साली अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो न्यू जर्सीतल्या रिव्हर्टनजवळ. आता तो पूर्वेकडे जवळपास सगळीकडे आहे. तो जूनअखेर येतो, म्हणून दाढीवाला आयरिस बहुधा वाचतो आणि उशिरा फुलणारा जपानी आयरिस सापडतो. सकाळी थंडीत तो सुस्त असतो. फुलाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरून टिचकी मारा. गंधाचे सापळे मात्र फुलांच्या जवळ टांगू नका, ते पकडतात त्याहून जास्त भुंगेरे ओढून आणतात.

किडीचं नसलेलं दुखणं

पानावर तपकिरी किनारीचे लांबट ठिपके असतील तर ती बुरशी आहे. उपाय तोच: थंडीतली सफाई आणि पानांवर पाणी न उडवणं. कंद कुजला आहे पण कुठेच भोक नाही, विष्ठा नाही, तर दोष पाण्याचा किंवा कंद फार खोल लावल्याचा. वाफा उंच करा, वरची माती बाजूला सारा. पानांना मोठी ओबडधोबड भोकं आणि वाळलेली चकाकती रेघ दिसली तर बिनशंखाची गोगलगाय. आयर्न फॉस्फेटच्या गोळ्या संध्याकाळी टाका. आणि ऑगस्टात बाहेरच्या पानांची टोकं तपकिरी झाली, मधली पानं हिरवी आणि कंद घट्ट असेल, तर काहीही करू नका. उन्हाळ्याच्या अखेरीला आयरिस असाच दिसतो.